‘देव पावला’च्या आधीची प्रार्थना

रिझल्टच्या दिवशी मोबाइल उघडून बघा. निम्म्या स्टेटसवर एकच वाक्य असतं, ‘देव पावला’. खाली मार्कशीटचा फोटो. भरतीच्या यादीत नाव आलं, नीटचा कट-ऑफ पार झाला, की देवाचे आभार. मानायलाच हवेत. पण ज्याचं नाव यादीत नाही, त्यानं काय लिहायचं? त्याच्यापुरता देव त्या दिवशी सुट्टीवर होता का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो नवापुरात, बर्ड फ्लूच्या वेळी. आमच्या गावाचं नाव देशभर झालं ते १८ फेब्रुवारी २००६ ला. कोंबड्यांमधला बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा आढळला तो इथल्या पोल्ट्री फार्मवर. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. देशभर लोकांनी अंडी-चिकन खाणं सोडलं, आणि इथल्या शेकडो घरांची चूल ज्यावर पेटायची तो धंदाच बसला. तेव्हा मी लहान होतो. मोठ्यांच्या गप्पांतूनच ते ऐकलं. पण २०२१ च्या फेब्रुवारीत तेच पुन्हा झालं, ते मात्र डोळ्यांनी पाहिलं.

माझा मामा तेव्हा एका पोल्ट्रीवर कामाला होता. आदल्या वर्षी लॉकडाऊननं कंबर मोडलेली, कसंबसं काम सुरू झालं आणि पुन्हा शेड रिकामी. त्या संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि रोजच्यासारखा देवापुढे बसून भजन म्हणायला लागला. मला राग आला. म्हटलं, ‘‘मामा, आता कशाचे गुण गाताय? काम गेलं ना!’’

तो म्हणाला, ‘‘काम गेलं रे, देव कुठं गेलाय? आज नाही गायलो तर रात्रभर नुसता हिशोब करत बसेन.’’

चार दिवसांनी त्यानं बोचकं बांधलं आणि बारडोलीकडं ऊसतोडीला गेला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पोल्ट्री लगेच सुरू झाली नाही, कर्जही फिटलं नाही. पण गावात बरेच जण दारूच्या बाटलीत बुडाले, तसा तो बुडाला नाही. मला वाटतं, त्या रोजच्या अर्ध्या तासानं त्याला सावरलं.

आपण प्रार्थनेचा व्यवहार करून टाकलाय. ‘पास कर, नारळ फोडतो.’ ‘नोकरी लाव, पायी येतो.’ मग काम झालं नाही की देवावर रुसायचं, नाहीतर ‘देव-बिव काही नसतं’ म्हणून मोकळं व्हायचं. पण ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याशी आपण फक्त काम असतानाच बोलतो का? आईशी बोलताना दर वेळी काहीतरी मागतो का? वाईट दिवसात केलेली स्तुती म्हणजे देवाला मस्का नाही. एवढं सगळं बिघडलं तरी सगळंच संपलेलं नाही, हे आपणच आपल्या तोंडानं स्वतःला ऐकवणं असतं ते.

यावर मित्र हमखास म्हणतात, ‘‘म्हणजे भजन करत बसायचं आणि अन्याय सहन करायचा?’’ शंका रास्त आहे. श्रद्धेच्या नावाखाली माणसांना गप्प बसवल्याची उदाहरणं कमी नाहीत. पण आपल्याच भागाचा इतिहास काढून बघा. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात ‘देवी’ची चळवळ उठली आणि खानदेशापर्यंत पोचली. गावोगाव लोक देवीपुढे जमले. देवीचा आदेश म्हणून त्यांनी दारू-ताडी सोडली, आणि ज्या दारूविक्रेत्यांनी व जमीनदारांनी त्यांना कर्जात अडकवलं होतं त्यांच्याकडे काम करणंही नाकारलं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

पुढे १९३७-३८ मध्ये तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुला महाराज उभे राहिले. स्वतः भिल्ल शेतमजूर. त्यांच्या आरतीला हजारो माणसं जमायची. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, हे त्यांचं सांगणं. ज्यांना कुणी ‘अरे-तुरे’शिवाय हाक मारत नव्हतं, ती माणसं आरतीला येऊन एकमेकांना मान द्यायला शिकली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात भूमिहीन आणि जमिनी गमावलेल्या आदिवासींसाठी लढणारे अंबरसिंग महाराजसुद्धा भजन गाणारेच. म्हणजे इथं भजनानं माणसं बसवून ठेवली नाहीत, उठवली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. प्रार्थना हा उपचाराला पर्याय नाही. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे पेशंट कितीतरी घरांत आहेत. अंग ठणकायला लागलं की आधी दवाखाना, गोळ्या वेळेवर, आणि सोबत प्रार्थना. तसंच मन फार खचलं असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर कुणाशी तरी बोला, डॉक्टरकडे जा. ‘माझी श्रद्धा कमी पडली’ असं स्वतःला टोचत बसू नका. देवावर भरवसा ठेवणाऱ्यालाही रडू येतं, भीती वाटते. मामाही त्या रात्री गाता गाता दोनदा थांबला होता. मी पाहिलं होतं.

आपल्या तालुक्यात कुणी याहामोगी मातेला नवं धान्य वाहतं, कुणी रविवारी चर्चमध्ये गातं, कुणी सप्ताहात टाळ धरतं, कुणी नमाजाला जातं. रीत ज्याची त्याची. पण सगळीकडे एक गोष्ट सारखी दिसते. गाताना, प्रार्थना करताना माणूस एकटा नसतो. शेजारी दुसरा कुणीतरी असतो, ज्याचंही काहीतरी हरवलेलं असतं. प्रार्थना संपली की तो विचारतो, ‘‘काय रे, घरी सगळं ठीक ना?’’ अडचणीत देव धावून येतो म्हणतात, तो बहुतेक वेळा असाच येत असावा.

म्हणून या वेळी रिझल्ट लागायच्या आधीच देवाचे आभार मानून टाका. आणि यादी लागल्यावर आपलं स्टेटस टाकण्याआधी, ज्याचं नाव त्यात नाही त्या मित्राला एक फोन करा.