'फास्ट' म्हणजे किती?

"सिस्टिम फास्ट हवी, यूजर-फ्रेंडली हवी." इथे अमेरिकेतल्या मीटिंगमध्ये सगळे माना डोलावून असली वाक्यं मंजूर करतात, आणि मला आपल्या पुण्या-हिंजवडीच्या मंडळींची काळजी वाटते. कारण 'फास्ट' म्हणजे किती हे शेवटी पैसे देणारा ठरवतो, आणि शनिवार-रविवार जातो तुमचा!

"नव्या कामात आधीच आकडे कसे सांगणार?" हे ठरलेलं उत्तर. अहो, डिसेंबर १९०७ मध्ये अमेरिकी लष्कराने विमानासाठी निविदा काढली, तेव्हा बहुतेकांनी विमान पाहिलंही नव्हतं. तरी कागदावर होतं: दोन माणसं, तासभर हवेत, ताशी ४० मैल. वेग मोजायचा तो वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध, मग सरासरी. वरच्या प्रत्येक मैलाला १० टक्के बक्षीस, खालच्या प्रत्येकाला तेवढीच कपात, ३६ च्या खाली विमान नामंजूर. जुलै १९०९ मध्ये राइट बंधूंचा वेग साडेबेचाळीस भरला. २५ हजार डॉलर, वर ५ हजार. (साधारण हुशार माणसाला ते वाजवी वेळात चालवता यावं, असंही एक कलम त्यात होतं. यूजर-फ्रेंडली तेव्हाही होतंच म्हणायचं!)

असो. पुढच्या कॉलवर 'फास्ट' कानावर आलं की विचारा: ५०० जण एकाच वेळी वापरत असताना, १०० पैकी ९५ वेळा, उत्तर किती सेकंदांत? आणि मोजणार कोण? क्लायंटला राग येईल म्हणता? मग आत्ताच येऊ दे ना. डिलिव्हरीच्या आदल्या रात्री येण्यापेक्षा स्वस्त पडेल.