खुर्ची, बूट आणि बक्कल

२५ नोव्हेंबर १८७१. लंडनच्या लायसियम थिएटरात रंगमंचावर एक माणूस खुर्चीत बसून बूट घालतोय. नाटक 'द बेल्स'. हा मथायस, अल्सेसमधल्या एका गावचा बडा असामी. पंधरा वर्षांपूर्वी, बर्फ कोसळत असताना, त्याने एका ज्यू प्रवाशाला मारून त्याचं सोनं लुटलं. गावाला पत्ता नाही. घरातलं कुणीतरी सहज त्या हिवाळ्याचा विषय काढतं आणि बक्कल लावणारी बोटं थांबतात. मग हात हळूहळू पायावरून वर सरकू लागतात. तोंडातून शब्द नाही.

हा नट हेन्री अर्व्हिंग, वय ३३. खरं नाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब. लहानपणी तोतरा, आवाज नाकातला, चाल फरपटती. नट होण्याची एकही खूण अंगात नाही. १८५६ मध्ये संडरलंडला तोंडाला रंग लावला आणि पुढची दहा वर्षं गावोगावची थिएटरं पालथी घातली. डब्लिनच्या प्रेक्षकांनी तर रोज हुर्यो उडवली. त्याचा गुन्हा एवढाच, की काढून टाकलेल्या लाडक्या नटाच्या जागी तो आला होता.

'द बेल्स'च्या रात्री मात्र थिएटर डोक्यावर घेतलं गेलं. घोडागाडीतून घरी जाताना गरोदर बायको फ्लोरेन्सने विचारलं म्हणे, की जन्मभर असंच हसं करून घ्यायचं आहे का? हाइड पार्क कॉर्नरवर त्याने गाडी थांबवली, उतरला आणि चालू लागला. पुन्हा त्या घरी गेला नाही, तिच्याशी बोलला नाही. पोरांचा विचार केला तर हे काही कौतुकाचं नव्हे.

१८७४ चा 'हॅम्लेट' २०० रात्री चालला. १८७८ मध्ये लायसियमच त्याच्या हाती आलं. सोबतीला नायिका एलन टेरी, व्यवस्थापनाला ब्रॅम स्टोकर, म्हणजे 'ड्रॅक्युला'वाला. दुसरीकडे वीज आली तरी अर्व्हिंगला गॅसच्या दिव्यांचा मऊ उजेडच हवा, आणि प्रेक्षागारात अंधार. बर्नार्ड शॉ चिडायचा, की टेरीसारखी नटी हा जुन्या नाटकांत वाया घालवतो, इब्सेनच्या नव्या नाटकांकडे बघतही नाही. शॉचं खरंच होतं. पण शॉला हवं ते नाटक अर्व्हिंगला जमलं असतं का, ही शंका आहेच.

नटांना कायद्याने भटक्यांत मोजलेल्या देशात १८९५ साली पहिल्यांदा एका नटाला 'सर' ही पदवी मिळाली, ती यालाच. वेगळी राहणारी बायको तेव्हापासून हौसेने लेडी अर्व्हिंग म्हणवून घेऊ लागली!

ऑक्टोबर १९०५. दौरा ब्रॅडफर्डला. मथायस आता त्याला झेपेना, म्हणून सोबतच्यांनी 'द बेल्स'चं सामान लंडनला परत धाडलं. १३ तारखेला त्याने 'बेकेट' केलं, मिडलंड हॉटेलात परतला आणि लॉबीतच कोसळला. तिथल्या खुर्चीत त्याने प्राण सोडला. ती खुर्ची लंडनच्या गॅरिक क्लबात ठेवली आहे.