'सगळं करा' म्हणजे नक्की काय करा?

आपल्याकडे हॉस्पिटलात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं आणि सगळ्यात कमी अर्थ असणारं वाक्य म्हणजे, "डॉक्टर, लागेल ते करा, पैशाकडे बघू नका." हे बोलणारा माणूस बहुधा पेशंटच्या खाटेपासून सगळ्यात लांब असतो. पूर्वी तो मुंबईहून आलेला मेहुणा असायचा. हल्ली तो आमच्या जमातीतला असतो: डब्लिन, न्यू जर्सी नाहीतर सिडनीहून फोनवर. १९९१ साली वृद्धांच्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात या प्रकाराला नावही मिळालं, 'कॅलिफोर्नियाची मुलगी'. वर्षानुवर्षं न फिरकलेली मुलगी शेवटच्या आठवड्यात विमानातून उतरते, आणि घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून शांतपणे जे ठरवलेलं असतं ते तासाभरात उलथून टाकते. (कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे तिला 'न्यूयॉर्कची मुलगी' म्हणतात!) आपल्याकडे तिचा भाऊ असतो, पण लक्षणं तीच.

आता 'सगळं करा' म्हटल्यावर काय काय केलं जातं ते बघा. घशात नळी, त्यामुळे बोलता येत नाही. नळी ओढून काढू नये म्हणून हात बांधलेले. दर थोड्या वेळाने नळीतला कफ खेचून काढायचा, ज्याचा त्रास शुद्धीवरच्या माणसाला भयंकर होतो. घसा कोरडा, पण पाणी नाही. दिवस की रात्र कळत नाही, दिवे कायम चालू, यंत्रांची टिवटिव. त्यातून भ्रम होतात, भिंतीवर माणसं दिसतात. बरा होणारा पेशंट असेल तर हे सगळं सोसण्यासारखं आहे, त्याबद्दल वादच नाही. आयसीयूने माणसं वाचतात आणि ती यंत्रं बनवणाऱ्यांबद्दल मला अभिमानच आहे. पण चार अवयव निकामी झालेल्या, पंच्याऐंशी वर्षांच्या, कॅन्सर सगळीकडे पसरलेल्या माणसाला हेच पॅकेज? आणि घरच्यांना सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं काचेतून दर्शन?

तर मुद्दा पॅलिएटिव्ह केअरचा. मराठीत उपशामक उपचार म्हणतात, पण तो शब्द कुणी वापरत नाही, कारण ती गोष्टच कुणी फारशी वापरत नाही. आपल्या डोक्यात त्याचा अर्थ 'डॉक्टरांनी हात टेकले' असा आहे. साफ चूक. दुखणं, धाप, तहान, भीती, भ्रम यांच्यावर पद्धतशीर इलाज करणं, आणि पेशंटला व घरच्यांना खरी परिस्थिती सांगून पुढचं त्यांच्याबरोबर ठरवणं, हे ते काम. ते व्हेंटिलेटर चालू असतानाच, पहिल्या दिवसापासून करायचं असतं. २०१० मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ पेशंटांवरचा अभ्यास छापला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्यांनी शेवटी आक्रमक उपचार कमी घेतले, मन जास्त थाऱ्यावर राहिलं, आणि ते सरासरी अडीचेक महिने जास्तच जगले. आयसीयूतला अभ्यास नव्हे हा, मान्य. पण 'पॅलिएटिव्ह म्हणजे लवकर मारणं' म्हणणाऱ्यांनी एकदा वाचावा.

मी राहतो त्या आयर्लंडचा या विषयाशी जुना संबंध आहे. मेरी एकनहेड या बाईंनी १८१५ मध्ये डब्लिनला एक ननसंघ काढला. १८५८ मध्ये त्या ज्या हॅरोल्ड्स क्रॉसच्या मठात वारल्या, तिथेच १८७९ मध्ये त्यांच्या संघाने मरणाऱ्या गरिबांसाठी हॉस्पिस सुरू केलं. ते आजही चालू आहे. याच नन्सनी १९०५ मध्ये पूर्व लंडनमध्ये दुसरं काढलं. तिथे १९५८ पासून सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरबाईंनी मॉर्फिन 'दुखलं की' न देता घड्याळ लावून नियमित द्यायचं तंत्र पक्कं केलं, आणि १९६७ मध्ये स्वतःचं सेंट ख्रिस्तोफर्स उभारलं. आधुनिक हॉस्पिसची गंगोत्री ती.

कायद्याचं मात्र इथेही सोपं नव्हतं. १९७२ मध्ये एका बावीस वर्षांच्या मुलीचं किरकोळ ऑपरेशन होतं. भूल दिलेली असताना हृदय बंद पडलं, मेंदू गेला. वीस वर्षांहून जास्त ती नळीच्या अन्नावर होती. तिच्या आईने नळी काढायची परवानगी मागितली. संस्थेने विरोध केला. जुलै १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला: जगण्याच्या हक्कातच नैसर्गिक मरण येऊ देण्याचा हक्क आहे. चर्च एवढं बळकट असलेल्या देशात! मेडिकल कौन्सिलने आणि नर्सिंग बोर्डाने तरीही नापसंती नोंदवलीच.

मराठी वाचकाला इथे अरुणा शानभाग आठवणार. नोव्हेंबर १९७३, केईएम. जवळजवळ तोच काळ, जवळजवळ तीच अवस्था, फक्त कारण अमानुष. आपल्याकडे निकाल यायला २०११ साल उजाडलं आणि त्या मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेल्या. बेचाळीस वर्षं. त्या खटल्यावर आपण 'मारावं की मारू नये' एवढंच भांडलो. पण केईएमच्या परिचारिकांनी चार दशकं जे केलं, भरवणं, पुसणं, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं, ते उत्तम दर्जाचं पॅलिएटिव्ह काम होतं. त्याला कुणी त्या नावाने ओळखलं नाही आणि त्यातून कुठली पद्धत उभी राहिली नाही. ही माझ्या मते त्या प्रकरणातली सगळ्यात मोठी वाया गेलेली संधी.

इथे मला सर्वात पटलेली गोष्ट म्हणजे विचारला जाणारा प्रश्न. आयर्लंडमध्ये 'नेक्स्ट ऑफ किन' या नात्याने तुम्हाला पेशंटच्या वतीने ठरवायचा कायदेशीर अधिकार मिळत नाही. मुलगा असलात तरी. त्यामुळे डॉक्टर "तुम्हाला काय हवंय?" असं विचारत नाहीत, "त्यांना स्वतःला काय आवडलं असतं?" असं विचारतात. वरवर बारीक फरक वाटतो, पण मुलाच्या छातीवरचं मणभर ओझं उतरतं. कारण "तुम्हाला काय हवंय" ला मुलगा एकच उत्तर देऊ शकतो: बाबा हवेत. २०१५ चा यासंबंधीचा कायदा एप्रिल २०२३ मध्ये अमलात आला, आणि आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला त्यात कायद्याचं बळ आहे.

बाकी इथे मरणाची लाज नाही. गावच्या रेडिओवर रोज कोण गेलं ते वाचून दाखवतात. शेजारी चहा-सँडविच घेऊन उघड्या शवपेटीपाशी गप्पा मारतात. आणि अनेक हॉस्पिटलांत कुणी जात असलं किंवा गेलं, की वॉर्डात जांभळ्यावर पांढऱ्या तीन सर्पिलांचं चिन्ह लावतात. मग सफाईवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे आवाज खाली घेतात. खर्च किती, एका फलकाचा?

यावर दोन आक्षेप मला ठरलेले येतात. एक, "त्यांच्याकडे आयसीयूच्या खाटा कमी, म्हणून ते लवकर आवरतं घेतात." खाटा कमी आहेत हे खरं, इमर्जन्सीत लोक स्ट्रेचरवर दिवस काढतात हेही खरं. आणि बेळगावच्या सविता हलप्पनवार २०१२ मध्ये गॉलवेच्या हॉस्पिटलात जंतुसंसर्गाने कशा गेल्या ते आपण विसरलेलो नाही, तेव्हा या देशाची आरती मी ओवाळणार नाही. पण खाट कमी म्हणून मॉर्फिन देत नाहीत. धाप लागलेल्या माणसाची धाप थांबवायला खाटांचा हिशेब लागत नाही.

दुसरा, "आपल्याकडे प्रेम आहे, आपण माणूस सोडत नाही." सोडतो हो. 'डामा' हा शब्द ऐकलाय? डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. पैसे संपले की हाच मार्ग. नळी काढून, सही घेऊन, अँब्युलन्समध्ये घालून पेशंट घरी, आणि बरोबर मॉर्फिनची एक गोळी नाही, एक नर्स नाही. तोंडात गंगाजल घालायला घरचे आहेत, पण घुसमट थांबवायला कुणी नाही. म्हणजे पैसेवाल्याला मशीन संपेपर्यंत आणि गरिबाला पैसे संपेपर्यंत. मधला रस्ताच बांधलेला नाही.

कुठलाही कारखाना उभारताना तो बंद कसा करायचा हे आम्ही सुरू करण्याआधी लिहितो. कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला नंतर, कोण हजर असेल. व्हेंटिलेटर काढायचीही अशीच रीत आहे. आधी धाप आणि भीतीसाठी औषधं बेताबेताने देऊन माणूस निवांत करायचा, मॉनिटरचे आवाज बंद, रक्ततपासण्या बंद, नको त्या नळ्या बाहेर, खाटेचा कठडा खाली, घरच्यांना खुर्च्या. मग यंत्र. डॉक्टर तिथून हलायचं नाही. यात गूढ काहीच नाही, शिकवावं लागतं एवढंच.

आणि 'भारतात कायदा नाही' हे डॉक्टरांनी आता बोलू नये. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल मान्य केलं. पद्धत इतकी किचकट होती की कुणी वाटेला गेलं नाही, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. यंत्र काढायच्या वेळी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, शक्यतो ४८ तासांत मत देणारी. महाराष्ट्रात विल जमा करायला अधिकारीच नव्हता, तेव्हा मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले आणि स्थानिक संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले गेले. हॉस्पिसही अगदीच परके नाहीत: मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. कमी आहेत, फार कमी, आणि बहुतेक कॅन्सरपुरते.

तेव्हा आयसीयूच्या दारात फॉर्मवर सही करताना तीन गोष्टी विचारा. बरे होऊन घरी चालत येण्याची शक्यता किती? किती दिवसांनी पुन्हा बसून ठरवायचं? आणि आत्ता त्यांना दुखतंय का, त्यासाठी काय देताय? तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टर चमकले तर पुन्हा विचारा.

विल लिहिलंत तर एक प्रत फॅमिली डॉक्टरला द्या, एक महापालिकेत. आणि एक परदेशातल्या मुलाला आत्ताच पाठवा, म्हणजे विमानात वाचायला त्याच्या हातात काहीतरी असेल.