हडळ पाहिजे, रोज पाचशे

आधी माझाच गुन्हा सांगतो, म्हणजे पुढं शिव्या द्यायला मोकळा.

दोन वर्षांमागं मुंबईहून एका मालिकेचे लोक आमच्या डोळखांब भागात आले. भुताची मालिका. त्यांना जंगल पाहिजे होतं, पडकं घर पाहिजे होतं, मागं आजोबाचा डोंगर धुक्यात पाहिजे होता. आणि माणसं पाहिजे होती. त्यांच्यातला एकजण टपरीवर चहा पिता पिता मला म्हणाला, दादा, चारपाच बायका बघून द्या. जरा रापलेल्या, हाडकुळ्या, केस मोकळे सोडले की भीती वाटली पाहिजे. रोज पाचशे, जेवण आमचं. बाईमागं पन्नास तुम्हाला.

मी बी.ए. झालेला बेकार. उठलो न् निघालो. कुठं निघालो ते महत्त्वाचं. कुणब्यांच्या आळीत नाही गेलो. वाण्याच्या ओट्यावर चढून 'वहिनी, हडळ व्हाल का' असं विचारायची माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर तसं डोक्यातही आलं नाही. पाय आपसूक बौद्धवाडीत वळले, तिथून कातकरवाडीत. घरावर निळा झेंडा, भिंतीवर बाबासाहेब, आणि मी आमच्याच बायका भूत म्हणून मोजून देत होतो. पाच बायका, अडीचशे रुपये.

त्यात माझी सख्खी आत्या होती. साठी उलटलेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तिला पांढरं लुगडं नेसवलं, झाडाखाली उभी केली. बोलायचं काही नाही, नुस्तं बघायचं. संध्याकाळी पाचशेची नोट कनवटीला लावत ती म्हणाली, "आरं, रंग पन जास्ती नाय लावला मला. हाय तशीच चालंल म्हनाले."

हे वाक्य माझ्या डोक्यात तेव्हा शिरलंच नाही. शिरलं ते पुढं सहा महिन्यांनी, एक अमेरिकन मालिका बघताना. पुतण्यानं मोबाईलवर आणली होती. 'लव्हक्राफ्ट कंट्री' नाव. २०२० साली आली, दहा भाग, करणारी मिशा ग्रीन नावाची काळी बाई. भुताखेतांचीच मालिका आहे, राक्षस आहेत, मंतरलेली पुस्तकं आहेत, रक्ताचा चिखल आहे. काळ १९५० नंतरचा. अॅटिकस नावाचा काळा पोरगा कोरियाच्या लढाईतून परत आलाय. सुरुवातीलाच बस बंद पडते, गोऱ्या उतारूंना न्यायला गाडी येते, हा आणि एक काळी बाई सामान उचलून पायी चालायला लागतात. भूत अजून आलेलं नाही, पण मी सावरून बसलो. शहापूरच्या रस्त्यावर असा मी किती वेळा चाललोय.

मग तो शेरीफ येतो. शेरीफ म्हंजे तिकडचा पोलिसांचा साहेब. तीन काळी माणसं गाडी थांबवून उभी आहेत, आणि हा सांगतो की ह्या मुलखात सूर्य मावळल्यावर काळा दिसला तर त्याला झाडाला टांगतात. मावळायला काही मिनिटं उरलीत. गाडी पळवायची नाही, वेगाचा नियम मोडला तरी पकडणार. मागं शेरीफची गाडी बंपरला बंपर लावून, पुढं हद्दीची पाटी, वर बुडता सूर्य. दोस्तहो, त्या दहा मिनिटांत एकही भूत नाही आणि माझी बोटं गार पडली होती. पुढं जंगलात शंभर डोळ्यांचा प्राणी येतो तेव्हा उलट सुटल्यासारखं वाटतं. तो प्राणी शेरीफला चावतो आणि शेरीफच तसला प्राणी होतो. व्हायला फार वेळ लागत नाही.

असली गावं कुणा लेखकानं रचलेली नाहीत. अमेरिकेत ती खरोखर होती, सूर्यास्ताची गावं म्हणत त्यांना. कुठल्या गावात थांबायचं, कुठं जेवण मिळेल, कुठं रात्र काढता येईल, हे सांगणारं पुस्तक व्हिक्टर ग्रीन नावाच्या काळ्या टपालवाल्यानं १९३६ पासून छापलं, कारण चुकीच्या गावात दिवस मावळला तर जीव जायचा.

आता आपल्याकडं बघा. सूर्यावर कायदा करण्यात अमेरिका आमच्या बामणांच्या फार मागं. पेशवाईतल्या पुण्याबद्दल लिहून ठेवलेलं आहे की दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी महारामांगानं वेशीच्या आत यायचं नाही. कारण त्या वेळी सावली लांब पडते. शेरीफ निदान अंधार पडायची वाट बघायचा. ह्यांना भर उन्हात आमची भीती.

मी लहान असताना आत्यानंच भुताच्या खुणा शिकवल्या होत्या. भुताला सावली नसते. भुताचे पाय उलटे, माग काढता येत नाही. भूत गावाबाहेर राहतं, मसणवट्याला, वेशीपलीकडच्या पिंपळावर. त्याला तिन्हीसांजेला तिकाटण्यावर भाकर-लिंबू ठेवायचं न् मागं वळून बघायचं नाही. त्या रात्री मोबाईल बंद करून मी ह्या खुणा एकेक करून मोजल्या आणि च्यायला, ही तर आमचीच जनगणना निघाली. गावाबाहेर कोण राहायचं? मसणवट्याला कुणाची वस्ती? कमरेला झाडू बांधून स्वतःच्या पावलांचा माग कोण पुसत जायचं? गळ्यात मडकं कुणाच्या? शिळी भाकर लांबून कुणाला टाकायचे, गिऱ्हाण सुटताना दान मागत आळीआळीनं कोण ओरडायचं? गावानं आम्हाला जिवंतपणीच भूत केलं होतं, मरायची वाटसुद्धा बघितली नाही. आणि मेल्यावर पुन्हा जातवारी आहेच. मुंजा म्हंजे मुंज होऊन मेलेला बामणाचा पोरगा. ब्रह्मसमंध तर नावातच सांगतो. आणि खवीस? खवीस मुसलमानाचा नाहीतर महारामांगाचा, असं जुनी माणसं सांगायची. बामण मेला तर पिंपळाचा मालक, आम्ही मेलो तर उंडारणारा खवीस. पुरंदरच्या बुरुजाच्या पायात महारांना जिवंत गाडलं अशी गोष्ट सांगतात. त्या गाडलेल्यांच्या भुतावर कुणी मालिका काढली? मुंज्यावर मात्र २०२४ साली सिनेमा निघाला, लोक पोट धरून हसले, पैसा धो धो आला.

मराठी टीव्हीवरचं सगळ्यात गाजलेलं भूत म्हंजे 'रात्रीस खेळ चाले'. २०१६, २०१९, २०२१, तीन वेळा आलं. मी पण बघितलंय, खोटं कशाला बोलू, आमच्या वाडीत त्या वेळी रस्त्यावर कुत्रं नसायचं. कोकणातला नाईकांचा वाडा, म्हातारा मेलाय, पोरं इस्टेट वाटायला जमलीत. दुसऱ्या वेळी तोच अण्णा नाईक जिवंत करून दाखवला. जमिनीचा हावरट, बाईचा हावरट, माणूस मारायला न कचरणारा. चांगलं आहे की, जमीनदाराला राक्षस दाखवला, मी टाळी वाजवायला तयार होतो. पण झालं काय, अख्खा महाराष्ट्र अण्णाच्या न् शेवंताच्या प्रेमात पडला. कारण त्या राक्षसाला जात नाही, त्याच्या जमिनीला कूळ नाही, त्याच्या विहिरीवर कुणाला बंदी नाही. कॅमेरा वाड्याच्या मागच्या दारानं बाहेर पडतो तो थेट रानात, मधे जे आमचं घर लागतं ते त्याला दिसतच नाही. कोकणात ना महारवाडा, ना खोती! त्याच खोती विरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली कौन्सिलात बिल आणलं होतं आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी घेऊन मुंबईत मोर्चा काढला होता.

मग 'बेताल' बघितली, नेटफ्लिक्सची, २०२० चीच. त्यात आदिवासी आहेत, रस्त्यासाठी गाव उठवणं आहे, नक्षलवादी ठरवून मारणं आहे. समृद्धी महामार्ग ज्याच्या दाराशी आला त्या शहापूरकराला हे बघताना आत हलतं. पण भूत कुणाचं निघालं? कंपनी सरकारच्या गोऱ्या साहेबाचं. सुटले सगळे इथले! दीडशे वर्षांपूर्वीचा साहेब धरला की आजचा कंत्राटदार आणि कालचा सावकार निवांत झोपतो.

काळ्यांनी हे केलं नाही. त्यांनी भूत फिरवलं. तिसऱ्या भागात लेटी नावाची पोरगी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. शेजारी गाड्यांच्या भोंग्याला विटा बांधून दिवसरात्र वाजवत ठेवतात, अंगणात क्रूस जाळतात. आणि घरात भुतं आहेत. कुणाची, तर एका गोऱ्या डॉक्टरानं प्रयोग करकरून मारलेल्या काळ्यांची. बघणाऱ्याला वाटतं आता ही तिला खाणार. ती तिच्या बाजूनं उभी राहतात, त्या डॉक्टरच्या भुताला हाकलायला. मला रडू आलं, पुतण्या हसला. नवव्या भागात १९२१ चं टल्सा येतं, जिथं काळ्यांची आख्खी भरभराटीची वस्ती गोऱ्यांनी दोन दिवसांत जाळली. शाळेच्या पुस्तकात नव्हतं ते भुताच्या गोष्टीत घातलं.

आमच्याकडं गोष्टी नाहीत म्हणून नाही होत, असं कुणी म्हणेल तर त्याच्या तोंडावर बडोदा मारा. १९१७. कोलंबियाचं शिक्षण घेऊन आलेला तरुण, अमेरिकेत माणूस म्हणून जगून आलेला. बडोद्यात हिंदू खानावळ घेणार नाही म्हणून पारशाच्या मुसाफिरखान्यात खोटं पारशी नाव लावून राहतो. वरच्या मजल्यावर एकटा. मोठी अंधारी खोली, अडगळ, दिवा नाही, एका कंदिलाचा उजेड वीतभर. वटवाघळं फडफडतात न् अंगावर काटा येतो. तो पुस्तकात डोकं घालतो. अकराव्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजतात, दहाबारा पारशी, हातात काठ्या. संध्याकाळपर्यंत खोली सोड. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघंही घरात घेत नाहीत. बागेत बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघणं, एवढंच. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय हे. भीतीच्या मालिकेचा पहिला भाग जसाच्या तसा तयार आहे. लावता का कुणी, रात्री साडेदहाला?

आणि हे बाबासाहेबांना दिसलंही होतं. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे विचारवंत डु बॉईस यांना पत्र घातलं, त्यांचं उत्तरही आलं. १९७२ साली मुंबईच्या पोरांनी ओकलंडच्या पँथरांचं नाव उचललं ते उगाच नाही. नाव उचललं, त्यांची गोष्ट सांगायची तऱ्हा उचलायची राहून गेली.

पण थांबा. काळ्यांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. चौथ्या भागात एक आदिवासी पात्र येतं, यहिमा, अमेरिका गोऱ्यांनी शोधायच्या आधीपासूनच्या लोकांतलं. जुना ग्रंथ वाचण्यापुरतं ते लागतं. काम झालं, अॅटिकसच्या बापानं गळा चिरला, खलास. पुढं खुद्द मिशा ग्रीननं कबूल केलं की इथं मी चुकले. बाईनं कबूल तरी केलं. आपण काय करतो? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कातकरवाडीतल्यांना ढोल वाजवायला बोलावतो, भाषणात 'दलित-आदिवासी' असा जोडशब्द फेकतो, आणि पाचशे रुपये रोजाची हडळ पाहिजे म्हटल्यावर मी धावत गेलो तो बौद्धवाडीच्याही पलीकडं, कातकरवाडीत. दसरा-दिवाळीनंतर तीच माणसं अंगावर उचल घेऊन वीटभट्टीला जातात, पोरंबाळं घेऊन. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं संपली असं कागद सांगतो. मी पाच बायकांचे पन्नास पन्नास घेतले तेव्हा मी कोण होतो, मुकादमच ना?

आता आत्याचं ऐका. ती मालिका टीव्हीवर लागली. आत्या दीड मिनिट दिसली असेल, झाडाखाली, केस मोकळे. वाडीत सगळ्यांनी कौतुक केलं, पोरं चिडवायला लागली, ती पण हसायची. मग गेल्या पावसाळ्यात गावात एक पोर तापानं फणफणलं. कुठल्या तरी भगतानं तांदूळ टाकले आणि सांगितलं, वस्तीतल्या रांडमुंड बाईची नजर आहे. कुणीतरी म्हणालं, ती टीव्हीतली. झालं. तिच्याकडून दूध घेणं बंद. पाणवठ्यावर ती गेली की बायका हंडे उचलायच्या. ज्या बाईच्या आजीला शिवत नव्हते तिला आता बघतही नाहीत.

कुणाला हे गमतीचं वाटत असेल तर २०२४ चा मार्च आठवा. शेजारच्याच मुरबाड तालुक्यात जादूटोणा करतो म्हणून एका म्हाताऱ्याला रात्री घरातून ओढून निखाऱ्यावर नाचवला. पाय भाजले, पाठ भाजली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, दाभोलकरांना गोळ्या घातल्यावर सरकारला सुचलेला. तो घेऊन मी तक्रार द्यायला गेलो तर खुर्चीतले साहेब हसून म्हणाले, अहो, त्यांनी सिरीयलमध्ये काम केलंय म्हणून लोक म्हणत असतील, मनावर घेऊ नका. मनावर! त्या पोराचा ताप सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी उतरला. आत्यावरचा संशय कशानं उतरायचा?

मालिकावाल्यांना फोन केला. तो टपरीवरचा दादा म्हणाला, पुढच्या भागात पुन्हा लागतील का बघतो.

पाच महिने झाले, वाडीतली चारसहा पोरं पाळीपाळीनं आत्याच्या ओट्यावर झोपतो. कातकरवाडीतले दोघं येतात, त्यांच्याही दोन बायका त्याच झाडाखाली उभ्या होत्या. समाजमंदिराच्या भिंतीला चादर लावून गेल्या रविवारी आम्ही 'लव्हक्राफ्ट'चा पहिला भाग दाखवला. मराठीत नाही, म्हणून मी बाजूला उभा राहून ओरडून सांगत होतो. तीनदा लाईट गेली. आत्या पुढं बसली होती, तोंडाला पदर लावून. शेरीफ गाडीच्या काचेशी वाकला तेव्हा तिनं मला हाक मारली.

"ह्यो पाटील का पोलीस?"

"पोलीस, आत्या."

"आन् भूत कवा येनार?"

मी म्हणालो, हेच.

ती पुढं काही बोलली नाही. संपेपर्यंत उठली पण नाही. दुसरा भाग येत्या रविवारी आहे, लाईट राहिली तर.