आईला पैसे पाठविणें

गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब कपिलधारेस गेलों होतों. बीड जिल्ह्यांतील मन्मथस्वामींच्या समाधीचें हें स्थान वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेलच. दर्शन आटोपल्यावर मुलेंबाळें धबधबा पाहावयास पुढें गेलीं. आम्ही मात्र गुडघ्यांचा सल्ला मानून पायऱ्यांवरच बसलों. तेथें आमच्या एका दिवंगत विद्यार्थ्याचा मुलगा भेटला. तो पुण्यास कॉलेजांत शिकतो. फीच्या सवलतीसाठीं इंग्रजी अर्ज लिहावयाचा होता, तो घेऊनच तो आमच्याजवळ बसला.

“गुरुजी, ‘आईला दरमहा पैसे पाठविणें कठीण झालें आहे’ हें इंग्रजींत कसें लिहावें?”

आम्हीं क्षणाचाही विलंब न लावितां सांगितलें, “इट हॅज बिकम डिफिकल्ट फॉर माय मदर टू सेंड मनी एव्हरी मंथ.” मुलगा शिकावयास परगांवीं, तेव्हां पैसे पाठविणारी आईच, असें आम्ही मनाशीं धरून चाललों. वस्तुस्थिति अगदीं उलट होती. मुलगाच संध्याकाळीं एका दुकानांत हिशेब लिहून आईला पैसे पाठवीत असे! आश्विनांत उत्तर आलें कीं, मातुःश्री दरमहा पैसे पाठवीत असल्यामुळें त्यांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा. दुसऱ्याच्या शेतांत रोजानें जाणाऱ्या त्या माउलीनें दाखल्यासाठीं चार खेपा घातल्या, आणि तेवढ्यांत सवलतीची मुदत टळली.

दोष सर्वस्वीं आमचा. परंतु त्याचें मूळ मराठीच्या एका प्रत्ययांत आहे. स, ला, ते हे प्रत्यय आपण लहानपणीं घोकले. द्वितीयेचे तेच आणि चतुर्थीचेही तेच. शिवाय ज्याला एखादी गोष्ट सोपी वा कठीण जाते, त्यालाही ‘ला’च लागतो. त्यामुळें ‘आईला पैसे पाठविणें कठीण’ या वाक्यांतील आई पैसे पाठविणारी कीं घेणारी, हें वाक्य स्वतः सांगत नाहीं; तें बोलणाऱ्याच्या घरची स्थिति सांगते.

संस्कृतांत हा घोटाळा संभवत नाहीं. सुकर, दुष्कर अशा शब्दांसाठीं पाणिनीनें तिसऱ्या अध्यायांत खल् प्रत्यय सांगितला असून त्याच्या योगें कर्ता तृतीयेंत राहतो. ‘मया मात्रे धनप्रेषणं दुष्करम्’ म्हटलें कीं पाठविणारा मी व घेणारी आई. ‘मात्रा धनप्रेषणं दुष्करम्’ म्हटलें कीं पाठविणारी आई. मात्रे आणि मात्रा! केवळ एका मात्रेचा फरक; आणि तो आम्ही चाळीस वर्षें शिकवीत आलों.

इंग्रजीनें हेंच काम दोन शब्दांवर सोंपविलें आहे. विशेषणानंतर ‘फॉर’ आला तर त्यापुढें कर्ता, आणि ज्याला द्यावयाचें त्याच्या मागें ‘टू’. क्रियापदाच्या अगोदर येणारा ‘टू’ निराळा. मुलें दोहोंची गल्लत करितात. आणखी एक खोंच आहे. ‘मनी इज डिफिकल्ट टू सेंड टू माय मदर’ असें म्हणतां येतें, म्हणजे पैसा वाक्याच्या गादीवर बसूं शकतो. पण ‘माय मदर इज डिफिकल्ट टू सेंड मनी’ हें अशुद्ध. आईला पुढें आणावयाचें तर शेवटीं आणखी एक ‘टू’ लोंबत ठेवावा लागतो. उलट ‘ईगर’ हें विशेषण घातलें तर कर्त्याच्या जागीं बसलेला माणूसच पाठविणारा ठरतो: ‘ही इज ईगर टू सेंड हिज मदर मनी.’ ईझी व ईगर यांतील हा भेद नोम चॉम्स्की यांच्या 1964 सालच्या ग्रंथानें जगभर चर्चेंत आणिला. वरून सारखीं दिसणारीं वाक्यें आंतून किती निराळीं असतात, याचें तें उदाहरण.

मराठींतही उपाय आहे, आणि तो सोपा आहे. ‘आईला पैसे पाठविणें मला कठीण झालें आहे.’ एक ‘मला’ घातला असता तर आमची धांदरट इंग्रजी तेथेंच अडली असती.

मुलगा दिवाळींत घरीं आला होता. आमच्याविषयीं त्याच्या तोंडून वांकडा शब्द निघाला नाहीं, हें आम्हांस अधिकच लागलें. दुसरा अर्ज लिहावयास बसतांना आम्हीं प्रथम विचारलें, “बाळ, पैसे कोण कोणाला पाठवितो?” मग ‘फॉर मी’ आणि ‘टू माय मदर’ असें स्पष्ट घालून कागद त्याच्या हातीं दिला. त्याचें उत्तर हें लिहीपर्यंत आलेलें नाहीं.