कसणारीचे नाव

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण होते ९२९. कोकणात बाईला मान आहे, हे सांगताना हा आकडा हमखास पुढे केला जातो. पण त्याच जिल्ह्यात, त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत मुलींची संख्या मुलांपेक्षा कमीच भरली होती. मोठ्या वयात स्त्रिया जास्त दिसल्या, कारण पुरुष मुंबईला, ठाण्याला, विरारला होते. गिरण्यांच्या काळापासूनची ही रीत आहे. १९८२च्या संपानंतर अनेक गिरणी कामगार गावी परतले, पण त्यांची मुले पुन्हा त्याच वाटेने गेली, कुणी वॉचमन म्हणून, कुणी ड्रायव्हर म्हणून. मनीऑर्डर गेली आणि मोबाइलवर पैसे येऊ लागले. शेत मात्र जिच्या अंगावर होते, तिच्याच अंगावर राहिले.

भाजावळीसाठी कवळ तोडून आणायची, तरवा काढायचा, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. गुरांचे गवत, काजूच्या बिया, विहिरीचे पाणी, सासऱ्यांचा दवाखाना. यातले बहुतेक सारे बाई करते. नांगर तेवढा बाईने धरायचा नाही, हा जुना दंडक. म्हणून जोताला किंवा पॉवर टिलरला पैसे मोजावे लागतात, आणि ते मोजता आले नाहीत की मळा पड राहतो. त्या पड राहिलेल्या मळ्याचा दोषही तिच्याच माथी येतो.

इतके करून ती सरकारदरबारी शेतकरी नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. पुष्कळ घरांत तर नवऱ्याचेही नसते. खाते आजेसासऱ्यांच्या नावावर असते, किंवा चुलत्या-पुतण्यांच्या वीसपंचवीस नावांचे सामाईक असते. पीककर्ज, विमा, शेतकरी सन्मान निधी, यांतल्या प्रत्येक दारात तिला पहिला प्रश्न खातेदार कोण हाच विचारला जातो. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीच्या बागा आडव्या केल्या. मोडलेली कलमे तिने उचलली, पंचनाम्याला तीच उभी राहिली. पण सामाईक खात्यावरच्या भरपाईसाठी संमतीपत्रे हवीत, आणि सह्या करणारे हात गावापासून दोनशे-अडीचशे किलोमीटरवर.

कायद्याने वाट ठेवलेली नाही असे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांना आपणहून बायकोच्या नावे जमीन करायला लावली. पुढे शासनानेही नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. पण त्यासाठी आधी जमीन नवऱ्याच्या नावावर, स्वतंत्र खात्यात असावी लागते. जिथे आजोबांची वारसनोंदच राहिली आहे, तिथे ही सोय कागदावरच राहते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, तो योग्यच. पण नवऱ्याच्या घरच्या जमिनीत तीस-तीस वर्षे राबणाऱ्या सुनेला त्या दुरुस्तीने काही दिले नाही. नवरा हयात असेपर्यंत त्या जमिनीवर तिला खातेदाराचा अधिकार नाही. तो परागंदा झाला, त्याने शहरात दुसरा संसार मांडला, तरी नाही.

आणि प्रश्न केवळ जमिनीचा नाही. कोकणातल्या बहुतेक वाड्यांचे मुंबईत मंडळ असते. त्या मंडळांनी शाळा बांधल्या, पाखाड्या केल्या, अडल्यानडल्याला वर्गणी काढली. हे ऋण मानलेच पाहिजे. पण वाडीच्या नळयोजनेची टाकी कुठे बसावी, याचा निर्णय मुंबईच्या सभेत, केवळ पुरुषांच्या बैठकीत व्हावा आणि रोज हंडे वाहणारीला तो फोनवरून कळावा, हा अन्याय आहे. राज्यात ग्रामपंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण सरपंचबाईच्या पाठीशी जर ग्रामसभेऐवजी मुंबईचा निरोप उभा असेल, तर तिची खुर्ची तिची राहत नाही.

महसूल खात्याने करावे असे एक काम आहे आणि ते अवघड नाही. वारसनोंदी आणि वाटपाची शिबिरे आडदिवशी घेऊन कोकणात काही साधत नाही, कारण सहीचे मालक तेव्हा गावात नसतात. शिमग्याला आणि मे महिन्यात ते असतात, गणपतीत तर घरटी असतात. तलाठ्याने आणि मंडल अधिकाऱ्याने तेव्हा वाडीत बसावे. वारसनोंद, संमतीचे वाटप आणि लगोलग बायकोचे नाव लावण्याचा अर्ज, तिन्ही कागद एकाच बैठकीत घ्यावेत. जिथे वाटप जमणार नाही, तिथे प्रत्यक्ष कसणारी म्हणून तिची नोंद पंचनाम्यात व्हावी आणि भरपाईचा तिचा वाटा तिच्या खात्यात जावा. मुंबईच्या मंडळांनीही आपली वार्षिक सभा एकदा गावात, चुलीची कामे आटोपल्यानंतरच्या वेळी भरवावी आणि पाण्याच्या विषयावर आधी बायांना बोलू द्यावे.