आधी भोकं बुजवा, मग मांजराला बोल लावा

परभणी जिल्ह्यात कापसाचा भाव पडला की कापूस बाजारात न जाता घरात शिरतो. मानवत, सेलू, पाथरीकडच्या कित्येक घरांत दिवाळीनंतर एक खोली कापसालाच दिलेली असते. अलीकडे सोयाबीनची थप्पी, कोपऱ्यात ज्वारीची कोठी. खायला सरकी, अंथरायला रुई आणि माणसाची ये-जा नाही. उंदराच्या बाळंतपणाला याहून चांगली खोली मुद्दाम बांधूनही मिळाली नसती. तरी घरधनी निर्धास्त. "दोन मांजरं हायेत की घरात!" पुढे संक्रांतीच्या सुमाराला तोच कृषी सेवा केंद्रात उंदराचं औषध मागत उभा असतो.

मांजर असलं की उंदीर नाहीत, हा एक पक्ष. मांजराच्यानं होत नसेल तर विष घाला, हा दुसरा. मला दोन्ही मान्य नाहीत. मारेकरी कोण नेमायचा, एवढ्यावरच दोघांचा वाद आहे. उंदीर याच घरात का टिकला, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

पहिल्या पक्षामागे मोठी माणसं आहेत, हे आधी मान्य करतो. प्लेगच्या दिवसांत अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेल्या अँड्र्यू ब्यूकानन यांनी १९०८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांजरांची जोरदार वकिली केली होती. मांजरं भरपूर असलेल्या गावांना प्लेगची झळ कमी लागते, हे त्यांचं म्हणणं. निरीक्षण टाकाऊ नव्हतं. पण मांजराला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो, हे पुढे दिसून आलं. तेव्हा ती ढाल वाटली तितकी भक्कम नव्हती.

मांजराच्या पराक्रमाची प्रत्यक्ष मोजणी अलीकडची आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कचरा वेगळा करणाऱ्या एका कारखान्यात मायकेल पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी ७९ दिवस कॅमेऱ्याने पाळत ठेवली; निष्कर्ष २०१८ साली छापून आले. उंदीर शंभराच्या वर, भोवती भटकी मांजरं. एवढ्या काळात मांजरांनी मारले फक्त दोन. मात्र मांजर फिरकलं की उंदीर बाहेर पडायचे कमी होत. लोकांची फसगत इथेच होते. उंदीर दिसेनासे झाले म्हणजे संपले, असं आपण धरून चालतो, आणि ते तिकडे छताच्या लाकडांत, माळवदाच्या मातीत सुखाने नांदत असतात. ब्रुकलिनचे उंदीर अंगाने दांडगे होते, आपल्या घरातली चिमुकली उंदरं मांजर सहज लोळवतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण घरउंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं देते. आणि घूस समोर आली तर बहुतेक मांजरं वाट बदलतात.

मग एक आजीबाईचा उपाय पुढे येतो: मांजराला उपाशी ठेवा, आपोआप धरील. हा निव्वळ गैरसमज. मांजर भुकेपोटीच शिकार करतं असं नाही. पोट भरलेलं मांजरही दबा धरतं. उपाशी मांजर शेजारच्या चुलीकडे जातं, एवढंच. उलट चार्ल्स एल्टन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९५३ साली शेतवाड्यांवरच्या मांजरांबद्दल जे मांडलं, ते आपण भिंतीवर लिहून ठेवावं इतकं कामाचं आहे. उंदरांनी आधीच भरलेला वाडा मांजरं साफ करू शकली नाहीत. माणसाने उंदीर एकदा काढून टाकल्यावर मात्र नवे उंदीर त्यांनी शिरू दिले नाहीत; आणि मांजरं वाड्यावर टिकावीत म्हणून त्यांना दूध घालावं लागलं. मांजर हा राखणदार आहे, त्याला बेदखलीच्या मोहिमेवर पाठवू नये.

दुसरा पक्ष अधिक घातक, म्हणून त्याच्याशी जास्त भांडायला हवं. शेतातल्या बिळांसाठी आणलेल्या झिंक फॉस्फाईडची उरलेली पुडी घरी येते आणि पिठाच्या गोळीत मिसळून कोठीमागे जाते. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्याचा फॉस्फिन वायू होतो; त्यावर उतारा नाही. मेलेल्या उंदराच्या पोटात न पचलेली गोळी असेल, तर तो खाणारं मांजरही जातं. शेतासाठी बनलेली ही वस्तू घरात आणूच नये. दुकानातली ब्रोमॅडिओलोनची वडी वरवर सौम्य वाटते. ती रक्त गोठू देत नाही आणि उंदीर काही दिवस जिवंत राहतो: सुस्त, अडखळत, उघड्यावर. असला उंदीर मांजर पहिला धरतं. विष मांजराच्या यकृतात साठत जातं. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, धाप, पांढरट हिरड्या दिसल्या तर तूप-दूध पाजत बसू नका. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडे धावा. या विषावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो वेळेत आणि काही आठवडे द्यावा लागतो. असाच उंदीर खाणाऱ्या घुबडाला आणि मुंगसाला मात्र दवाखान्यात नेणारं कुणी नसतं.

मांजर निकामी ठरवून त्याला पोत्यात घालून नदीपार सोडणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

मराठवाड्याने या विषयात एक धडा फार जवळून पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घराच्या धास्तीने कित्येक गावांतले लोक बाहेर झोपड्यांत राहिले; धान्य आत, बंद घरांत. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पटापट मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांना प्लेगच्या गाठी आल्या. धान्य असलेली रिकामी घरं आणि त्यांत माजलेले उंदीर, अशी त्याची संगती तेव्हा लावली गेली. मला त्यात घराघरातली कापसाची खोली दिसते.

म्हणून माझा पक्ष असा. धान्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत; पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर, म्हणजे मागे झाडता येतं. कापूस ठेवायचाच तर ती खोली आठवड्यातून एकदा उघडून ढीग हलवावा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरउंदीर शिरतो, तेव्हा भोकं काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटने बुजवावीत, दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकावी. मांजराची दूध-भाकरीची वाटी रात्री उचलावी. ती उंदरांचीच पंगत असते. सापळे भिंतीला चिकटून लावावेत, उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. पण ते उंदीर जाईल एवढंच भोक ठेवलेल्या लाकडी पेटीत, म्हणजे मांजराचा पंजा अडकत नाही. चिमुकला घरउंदीर नव्या वस्तूपाशी लगेच येतो. मोठा उंदीर बुजतो, त्याच्यासाठी सापळा चार-सहा दिवस न लावता, नुसता शेंगदाणा ठेवून राहू द्यावा.

गणपतीचं वाहन मारायचं कसं, असं विचारणाऱ्यांनी सापळ्याऐवजी पिंजरा घ्यावा. पण सोडायचा कुठे हेही ठरवावं. शेजाऱ्याचं शेत हे उत्तर नव्हे.

आणि हे सगळं एकट्याने करून भागत नाही. जुन्या आळीत दोन घरांत भिंत एकच असते. एका घराने भोकं बुजवली की उंदीर पलीकडे जातात आणि चार दिवसांत परततात. त्यामुळे तूर निघाली, खळी उरकली की आळीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात कोठ्या हलवाव्यात, भिंती तपासाव्यात, सापळे लावावेत. मांजरांची पाळी त्यानंतर.